घरावर सोलर : ३ किलोवॉटला दोन लाख, बॅटरीसकट साडेतीन. बेळगावात परवडतं काय?

हिंडलगा_रोड

नमस्कार मंडळी. गच्चीवर सोलर घालायचं म्हणून तीन ठिकाणांहून कोटेशन आणलो. तिघांची तोंडं तीन दिशेला.

पहिला म्हणतोय, ३ किलोवॉट ऑन-ग्रिड (लाईनला जोडलेलं, बॅटरी नाही), १ लाख ९५ हजार, त्यातून ७८ हजार सबसिडी परत. दुसरा म्हणतोय, हायब्रीड घ्या (लाईनही, बॅटरीही), ५ युनिटची लिथियम बॅटरी, ३ लाख ६० हजार, सबसिडी तेवढीच. तिसरा म्हणतोय हेस्कॉमची, म्हणजे आमच्या वीज कंपनीची, कटकटच नको, ऑफ-ग्रिड करा (लाईनला न जोडता नुसत्या बॅटरीवर), ट्यूब्युलर म्हणजे शिशाच्या बॅटऱ्या, २ लाख ४० हजार, सबसिडी नाही पण फॉर्मही नाही.

घरात सहा माणसं. बिल ३५० युनिटच्या आसपास येतंय, मंजूर लोड ३ किलोवॉट. गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना, आम्हाला लागू होत नाही. आईचा आग्रह बॅटरीचा, कारण पावसात आमच्या बाजूला लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. कोल्हापूरचा मावसभाऊ म्हणतो डोळे झाकून घाल, तीन वर्षांत पैसे वसूल. यूट्यूबवर मराठीत जेवढं आहे तेवढं बघितलो, तिथेही सगळे तीन वर्षंच म्हणतायत. मला मात्र हिशोब तीन वर्षांत बसेना झालाय. कोणी घातलंय काय? खरं सांगा.

उद्यमबाग_वाइंडर

तुमचा हिशोब बरोबर आहे, मावसभावाचाही बरोबर आहे. मधे शिनोळीचा नाका, म्हणजे राज्याची हद्द, आहे एवढंच.

मराठीतले ते सगळे व्हिडिओ महावितरणच्या बिलावर केलेले असतात. तिकडे १०० युनिटच्या पुढे दर जवळपास दुप्पट होतो, ३०० च्या पुढे आणखी चढतो. त्यामुळे सोलरने तुमचे वरचे, महागडे युनिट आधी कापले जातात आणि पैसे भराभर वसूल होतात. आपल्याकडे तसे टप्पेच नाहीत आता. कर्नाटकात घरगुती दर सपाट आहे, २०२५-२६ साठी युनिटला ५ रुपये ८० पैसे. पहिला युनिट काय आणि साडेतीनशेवा काय, भाव एकच.

तुमच्या ३५० युनिटचं २०२५-२६ च्या दराने मांडतो. वीज आकार २,०३०. पेन्शन-ग्रॅच्युइटीचा सरचार्ज ३६ पैशांनी १२६. वीज आकारावर ९ टक्के कर, १८३. आणि स्थिर आकार किलोवॉटला १४५ प्रमाणे ३ किलोवॉटचे ४३५. झाले २,७७४. यातले ४३५ सोलर घातलं तरी जात नाहीत, कारण ते मंजूर लोडवर आहेत, वापरावर नाहीत. "झिरो बिल" म्हणून जो बोर्ड लावून बसलाय त्याला हे विचारा, तो विषय बदलेल.

आपल्या भागात १ किलोवॉट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं. ३ किलोवॉटचे महिन्याला साडेतीनशे. वरवर बघता तुमच्या वापराला तंतोतंत. पण मार्च-एप्रिलमध्ये जास्त होतात आणि जुलैमध्ये निम्म्यावर येतात. जास्तीचे हेस्कॉमला गेले की त्याला मिळणारा दर आपण घेतो त्याहून बराच कमी. म्हणून वर्षाला २५ हजार वाचतील असं धरा. सबसिडी वजा जाता तुमचा खर्च १ लाख १७ हजार. पावणेपाच वर्षं. वाईट नाही. पॅनलची कामगिरीची हमी २५ वर्षांची असते, मधे एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल. पण तीन वर्षं नव्हेत.

बॅटरीवर रात्री लिहितो, कामाची वेळ आहे.

शिनोळी_नाका

वाइंडर अण्णा म्हणतात ते खरं. माझं घर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, दुकान बेळगावात, दोन्ही बिलं माझ्या हातात येतात. ३५० युनिटला इकडे चार हजारांच्या पुढे जातात. म्हणून मी घातलं आणि मला परवडलं. माझ्या आकड्यांवर बेळगावातला माणूस निर्णय घेत असेल तर त्याने घेऊ नये. उलटही तेच, बेळगावच्या पाहुण्यांनी येऊन मला "पाच वर्षं लागतात रे" म्हणून घाबरवू नये.

सबसिडी मात्र दोन्हीकडे सारखी. ती केंद्राची आहे, पीएम सूर्यघर, २०२४ च्या फेब्रुवारीपासून. पहिल्या २ किलोवॉटला किलोवॉटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, पुढे कितीही घाला, ७८ हजारांवर थांबते.

वडगाव_विणकर_गल्ली

माझा प्रश्न वेगळा आहे, याच धाग्यात विचारतो. आमचा मीटर आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन कैक वर्षं झाली. बिल त्यांच्या नावाने येतंय, आम्ही भरतोय, कुणाची तक्रार नाही. सोलरवाला म्हणतोय चालेल. चालेल काय?

आणि घरात दोन लूम आहेत, त्यांचा मीटर वेगळा. त्याच्यावर घालता येईल काय?

उद्यमबाग_वाइंडर

नाही चालणार. सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदणी बिलावरच्या ग्राहक नंबराने होते. अर्ज करणारा, बिलावरचं नाव आणि सबसिडी जमा व्हायचं बँक खातं, हे जुळलं पाहिजे. आधी हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात नाव बदलून घ्या. वारसांची संमती लागेल, काका-चुलत्यांच्या सह्या आल्या. वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत निम्मी कामं इथेच अडतात, पॅनलपाशी नव्हे. ते झालं की मग कोटेशन मागा, तोवर ॲडव्हान्स देऊ नका.

लूमच्या मीटरवर ही सबसिडी नाही. ती फक्त घरगुती जोडणीला.

वडगाव_विणकर_गल्ली

सह्या! एका चुलत्याशी वडील बोलत नाहीत.

अनगोळची_मावशी

मग आता सोलरच्या निमित्ताने बोलतील. चांगलंच आहे.

हिंडलगा रोड, तुमच्या ३५० युनिटमधे गीझर किती खातोय ते बघितलात काय? सहा माणसं म्हणजे सकाळी गीझर उतरतच नसेल. २ किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेला. दिवसाला तीन-चार धरले तर महिन्याला शंभर युनिट नुसत्या आंघोळीला. आमच्याकडे दोनशे लिटरचा सोलर हीटर आहे, काचेच्या नळ्यांचा. विजेच्या पॅनलच्या मानाने किरकोळ खर्च, गच्चीचा एक कोपरा लागतो, बिघडायला त्यात काही नाही. पावसाळ्यात पाणी कोमट येतं, तेव्हा तांब्याचा बंब आहेच, नारळाच्या करवंट्या कशासाठी साठवायच्या?

आधी ते करा. मग तुमचं बिल अडीचशे युनिटवर येईल आणि २ किलोवॉटचं पॅनल पुरेल. त्याला ६० हजार सबसिडी आहेच.

टिळकवाडी_दुसरा_मजला

मावशी, युनिट २०० च्या खाली आले तर गृहज्योतीत बसता येईल ना? मग सोलरच कशाला?

अनगोळची_मावशी

तसं सरळ नाही ते. २०२३ मधे योजना आली तेव्हा प्रत्येकाचे फुकटचे युनिट २०२२-२३ च्या सरासरीवर ठरवले, वर १० टक्के. माझी सरासरी ११० होती तर मला १२१ मिळतात, दोनशे नव्हे. त्याच्यावर गेलं तर वरचे भरायचे, आणि महिन्यात २०० ओलांडले तर सगळंच बिल भरायचं. पुढे ज्यांचा वापर ४८ युनिटच्या आत होता त्यांना १० टक्क्यांऐवजी सरसकट १० युनिट वाढवून दिले, ते गरीब घरांसाठी बरं झालं. हिंडलगा रोडवाल्यांची सरासरीच तेव्हा दोनशेच्या वर असणार.

उद्यमबाग_वाइंडर

मावशींचं बरोबर. आणि त्यातूनच एक गोष्ट निघते जी विकणारा सांगत नाही : ज्याचं बिल गृहज्योतीने आजच शून्य येतंय त्याला ऑन-ग्रिड सोलर घालून वाचवायला काही उरलेलंच नाही. लाखभर घालायचे आणि शून्याचं शून्य करायचं. तरी गावागावात जाऊन अशांनाच गळ घालतायत, कारण कर्ज मिळतंय, छत मोकळं आहे. ज्यांना गृहज्योती चालू आहे आणि तरीही घालायचंय, त्यांनी नेट मीटर (दिलेली आणि घेतलेली दोन्ही वीज मोजणारा) बसल्यावर आपल्या फुकटच्या युनिटांचं काय होणार ते सेक्शन ऑफिसातून लेखी घ्यावं. विकणाऱ्याच्या तोंडी उत्तरावर पैसे घालू नयेत.

आता बॅटरी.

पहिलं म्हणजे, नुसतं ऑन-ग्रिड घातलंत तर लाईट गेली की सोलरही बंद. भर दुपारी बारा वाजता, ऊन असताना. इन्व्हर्टर मुद्दाम तसा केलेला असतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या घरची वीज मारेल. हे निम्म्या गिऱ्हाइकांना पॅनल चढल्यावर कळतं आणि मग आरडाओरडा.

दुसरं. ५ युनिटच्या लिथियम बॅटरीतून रोज ४ युनिट काढायचे. चांगल्या एलएफपी (लिथियमचाच एक प्रकार) बॅटरीला भरण्या-उतरण्याच्या ४ हजार फेऱ्या धरा. म्हणजे तिच्या आयुष्यात १६ हजार युनिट. बॅटरी लाखाला पडली तर नुसत्या साठवणुकीचा खर्च युनिटला सव्वासहा रुपये. हेस्कॉम तोच युनिट सरचार्ज आणि कर धरून पावणेसातच्या आत दारात आणून देतंय. म्हणजे पॅनलची वीज फुकट धरली तरी बॅटरीतून युनिटमागे पन्नास पैसेही वाचत नाहीत. नेट मीटर असताना तर महिन्याच्या आत ग्रिडच तुमची बॅटरी असते. दिवसा द्यायचं, रात्री घ्यायचं, फुकट.

तुमच्या दुसऱ्या कोटेशनमधे वरचे १ लाख ६५ हजार निव्वळ लाईट जाते त्यासाठीचे आहेत. ते द्यायचे तर जरूर द्या, पण त्यातून वसुली होते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि सबसिडी पॅनलच्या किलोवॉटवर असते, बॅटरीला वेगळा पैसा नाही.

तिसऱ्या कोटेशनवर बोलतच नाही. गावात ग्रिड असताना ऑफ-ग्रिड म्हणजे सबसिडीही गेली, दुपारी बॅटरी भरली की पुढची वीजही वाया गेली, आणि चार-पाच वर्षांनी ट्यूब्युलर बॅटऱ्या परत घ्यायच्या.

जांबोटीकर

वाइंडर साहेब, शेवटच्या परिच्छेदाला माझी हरकत आहे. ऑफ-ग्रिड सगळ्यांनाच वाईट असं करू नका.

आमची लाईन जंगलातून येते. मृगात पहिला वारा सुटला की झाड पडतं, तार तुटते. लाईनमन एकटा, गावं पुष्कळ, वर पाऊस. बिचाऱ्याचा दोष नाही. पण सलग दोन-तीन दिवस अंधार आम्हाला नवा नाही. कणकुंबीकडे तर याहून वाईट. बिल आमचं गृहज्योतीत शून्य. म्हणजे तुमच्या हिशोबाने आम्ही सोलर घालूच नये. आणि ऑन-ग्रिड घालूच नये हे मलाही मान्य, कारण लाईट नसताना ते मेलेलं.

पण मी १ किलोवॉट पॅनल आणि लिथियम बॅटरी घातलीय, ऑफ-ग्रिड, सबसिडीशिवाय. रुपयाची वसुली शून्य, तरी मला ती महाग वाटत नाही. घरात वडिलांना रात्री श्वासाचं मशीन लागतं. इथे युनिट कितीला पडला हा प्रश्नच नाही.

उद्यमबाग_वाइंडर

मान्य. मी "ग्रिड असताना" म्हणालो, तुमच्याकडे ग्रिड आहे म्हणणं जरा धाडसाचं आहे. एक विचारतो, आषाढात पॅनल किती देतं?

जांबोटीकर

खरं सांगतो, आषाढात पॅनल शोभेला. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, दिवसाला युनिटभर मिळालं तरी देव पावला. तेव्हा बॅटरी लाईट असेल तेवढ्या वेळात ग्रिडवरून भरून घेतो, इन्व्हर्टरला ती सोय आहे. घेताना हे नक्की बघा. पॅनलचा खरा उपयोग मार्च ते मेपर्यंत आणि पुन्हा दसऱ्यानंतर. म्हणजे ज्या महिन्यांत लाईट जाते त्याच महिन्यांत सूर्य नसतो, हे आमच्या बाजूचं दुखणं. म्हणून मी सांगतो, पश्चिम भागात पैसे कमी असतील तर आधी बॅटरी मोठी घ्या, पॅनल नंतर वाढवा. दुकानदार उलटं सांगतो.

आणखी दोन गोष्टी. आमचं घर कौलारू. कौलांवर पॅनल ठेवायचा नाद करू नका, वासे जुने असतात, कौल फुटलं की गळती शोधताना पॅनल उतरवावं लागतं. मी अंगणात लोखंडी सांगाडा उभा करून घेतलोय. दुसरं, वानरं. पॅनलवर बसतात, उड्या मारतात, वायरी ओढतात. वायर पाइपातूनच न्या, लोंबती ठेवू नका. त्या काचेला काही होत नाही, मजबूत असते.

निपाणीची_सून

आमच्या सासरी ३ किलोवॉट आहे, निपाणीत. ऊन तुमच्यापेक्षा बरं, पाऊस कमी. पैशाचं मी बघते म्हणून तेवढंच लिहिते.

कोटेशनमधे जीएसटी काय लावलाय बघा. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून सोलरच्या सामानावर १२ चा ५ टक्के झाला. सगळं बसवून देण्याच्या ठेक्यात ७० टक्के सामान आणि ३० टक्के काम असं धरतात, म्हणून आधी एकूण १३.८ टक्के बसायचा, आता ८.९ च्या आसपास. जुन्या टक्क्याचं कोटेशन छापून ठेवलेलं असेल तर त्याच्याकडून नवीन लिहून घ्या. दीड-दोन लाखांत आठ-नऊ हजारांचा फरक पडतो.

कर्ज पाहिजे असेल तर सरकारी बँकेतून या योजनेचं घ्या. ३ किलोवॉटपर्यंत, २ लाखांच्या आत, तारण नाही, व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरापेक्षा अर्धा टक्का वर. विकणारा जे "झिरो डाउन पेमेंट" सांगतो ते खासगी फायनान्सचं असतं, आणि सोसायटीतून, म्हणजे पतसंस्थेतून, काढलं तर आपल्याकडे व्याज किती ते सगळ्यांना माहीत आहे. पावणेपाच वर्षांचे सहा-सात होतात. आमच्या शेजारी एकांनी पिग्मी (रोजच्या बचतीची ठेव) मोडून घातलं, ते मात्र हुशार निघाले.

सबसिडी आधी वजा होऊन मिळत नाही. पूर्ण पैसे तुम्ही द्यायचे, नेट मीटर बसून तपासणी झाली की ती तुमच्या खात्यात येते. "सबसिडी वजा करून एवढेच द्या" म्हणणारा कशाच्या जोरावर म्हणतोय ते विचारा. आणि पॅनल भारतात बनलेल्या सेलचे असले पाहिजेत, डीसीआर म्हणतात. ते थोडे महाग. स्वस्त कोटेशनमधे बाहेरचे सेल असतील तर सबसिडी विसरा.

हिंडलगा_रोड

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

मावशी, गीझरचं अगदी खरं. मीटरवर उभा राहून बघितलो, सकाळी चाक नुसतं पळतंय. सोलर हीटर घालायचं घरात मान्य झालंय, बंब मात्र आईने मोडीत दिलाय.

निपाणीच्या ताई, पहिल्या कोटेशनवर १२ टक्केच आहे! फोन केलो तर म्हणाला "कॉम्प्युटरमधे तसंच येतं."

आता लाईट जाण्याचं. जांबोटीसारखी आमची अवस्था नाही. दोन-तीन तास, कधी रात्रभर. घरात जुना इन्व्हर्टर आहे, बॅटरी मेलीय. आईला पंखा, दिवे, टीव्ही पाहिजे. बायकोला संपमधलं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतलं, पाणी टाकीत चढवायला मोटर पाहिजे. त्याला ५ युनिटची लिथियम लागेल काय?

उद्यमबाग_वाइंडर

मोजून बघू. तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे शंभर वॅट, सहा एलईडी पन्नास-पंचावन्न, वायफाय दहा, टीव्ही सत्तर. झाले २३५ च्या आसपास. साधे जुने पंखे असतील तर एकेक ७५ चा, म्हणजे तिथेच सव्वाशे वॅट वाढले. आधी पंखे बदला, बॅटरी आपोआप मोठी होते.

१५० एएचची एक ट्यूब्युलर म्हणजे १.८ युनिट कागदावर. शिसं-आम्लाच्या बॅटरीतून निम्मंच काढायचं, नाहीतर लवकर जाते. हाती ९०० वॅट-तास, इन्व्हर्टरची घट वजा जाता २३५ वॅटला सव्वातीन तास. खर्च पंधरा हजारांच्या आसपास, जुनी परत दिलीत तर त्याहून कमी. तुमच्या दोन-तीन तासांना ही पुरते. रात्रभराला नाही पुरत. टीव्ही बंद केला आणि एक पंखा ठेवला तर पुरते.

५ युनिटची लिथियम याच लोडला सोळा-सतरा तास देईल. कुणाला एवढं लागतं ते जांबोटीकरांनी सांगितलंच.

मोटरचं निराळं. अर्ध्या एचपीची मोटर चालताना पाचशे-सहाशे वॅट घेते, पण सुरू होताना त्याच्या तीन-चार पट ओढते. तिथे बॅटरी किती मोठी हा प्रश्न नाही, इन्व्हर्टर तो झटका सोसतो काय हा आहे. घरचा जुना छोटा इन्व्हर्टर नाही सोसणार. वहिनींना सांगा, टाकी संध्याकाळी भरून ठेवायची.

टिळकवाडी_दुसरा_मजला

पण हायब्रीड इन्व्हर्टर आत्ता घेऊन बॅटरी दोन वर्षांनी घेतली तर? लिथियमचे भाव दरवर्षी उतरतायत.

उद्यमबाग_वाइंडर

भाव उतरतायत हे खरं. पण हायब्रीडला आत्ताच तीस-चाळीस हजार जास्त जातात, ते दोन वर्षं नुसते भिंतीवर टांगून ठेवणार. आणि पुष्कळ हायब्रीड इन्व्हर्टर ठरावीक कंपनीच्याच लिथियम बॅटरीशी बोलतात. दोन वर्षांनी ती कंपनी ते मॉडेल विकत असेल काय? मला नाही पटत.

जांबोटीकर

मला पटतं. पुढे इलेक्ट्रिक स्कूटर येणार, दिवसा-रात्रीचे दर वेगळे होणार, तेव्हा बॅटरीचा हिशोब बदलेल. ज्याला परत परत फॉर्म, तपासणी, मीटर नकोय त्याने एकदाच हायब्रीड घ्यावं. तीस हजार ही कटकटीची किंमत समजायची.

उद्यमबाग_वाइंडर

बदलेल तेव्हा बॅटरीला स्वतःचा इन्व्हर्टर असलेला संच मिळतो, तो आहे त्या सोलरला जोडता येतो. तेव्हा घेतील. आज तीस हजारांचे बीएलडीसी पंखे आणि हीटर येतात. जाऊ द्या, तुम्ही तुमच्या जागी बरोबर, माझं गिऱ्हाईक वेगळं.

शिनोळी_नाका

दोघांनी उचगावच्या बाजारात भेटून हे मिटवा, चहा माझ्याकडे.

वडगाव_विणकर_गल्ली

सावलीचं कुणी बोललंच नाही. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत. शेजाऱ्याने पाण्याची टाकी चढवली की आमच्या गच्चीवर दुपारी तीननंतर सावली. हिंडलगा रोड, तुमच्या दक्षिणेला काय आहे?

हिंडलगा_रोड

दक्षिणेला शेजारच्यांची टाकी आहे, आणि मोकळा प्लॉट. प्लॉटवर कोण काय बांधेल देव जाणे.

उद्यमबाग_वाइंडर

विणकरांनी कळीचं विचारलं. घरगुती संचात पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, बैलगाड्यांच्या रांगेसारखे. पुढची अडली की मागच्याही अडतात. एका पॅनलच्या कोपऱ्यावर टाकीची सावली आली तरी सगळ्या रांगेचं उत्पादन उतरतं. सावली येणारच असेल तर ते एक पॅनल दुसरीकडे ठेवा, किंवा प्रत्येक पॅनलला ऑप्टिमायझर लावा (एक अडलं तरी बाकीची चालू ठेवणारं यंत्र), पण त्याचा खर्च आहे.

सावली मे महिन्यात बघू नका. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, सगळं छानच दिसतं. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो आणि टाकीची सावली पुष्कळ लांब पडते. आता डिसेंबरापर्यंत थांबता येत नसेल तर मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप आहेत, गच्चीत उभं राहून बघता येतं. प्लॉटवर उद्या मजले चढले तर कायद्याने काही करता येत नाही, म्हणून पॅनल त्या बाजूपासून जमेल तेवढे उत्तरेला सरकवून घ्या.

जागा किलोवॉटला शंभर चौरस फूट धरा. तुमचं घर ३० बाय ४० फुटांचं असेल तर अडचण नाही.

अनगोळची_मावशी

आणि सांगाडा उंच करून घ्या, माणूस खालून चालेल एवढा. बुटका स्वस्त पडतो म्हणून सगळे तोच टाकतात आणि गच्ची कायमची जाते. मग शेवया, सांडगे, मिरच्या कुठे घालायच्या? उंच केलात तर खाली सावली मिळते, वाळवण कडेला. चार-पाच हजार जास्त गेले तर जाऊ द्यात. फक्त वर चढून धुता येईल अशी जागा ठेवा. उन्हाळ्यात धूळ बसते, पंधरा दिवसांनी पाणी मारावं लागतं. सकाळी लवकर, काच तापायच्या आधी.

वडगाव_विणकर_गल्ली

उंच सांगाड्याला वारा लागत नाही काय?

उद्यमबाग_वाइंडर

लागतो. वळवाच्या वाऱ्याने गच्चीवरचे पत्रे उडतात ते आपण दरवर्षी बघतो. म्हणून सांगाडा गॅल्व्हनाइज्ड पाहिजे, रंगवलेला लोखंडी नको, आणि पाय स्लॅबला नीट अँकर करून वर काँक्रीटचे ठोकळे. स्लॅबला भोकं पाडली तिथे वॉटरप्रूफिंग कोण करणार हे कोटेशनमधे लिहून घ्या. दुसऱ्या पावसाळ्यात गळती लागली की सोलरवाला गवंड्याकडे बोट दाखवतो, गवंडी सोलरवाल्याकडे.

वळवाचाच दुसरा मुद्दा, वीज. अर्थिंगचे तीन खड्डे वेगळे लागतात : एसी विजेचा, डीसी विजेचा आणि वीजरोधकाचा. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडून जाणारे आहेत. आपल्या पश्चिमेला जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात कोरडी ठाक, अर्थिंग धरत नाही. खड्डा खोल आणि त्यात अर्थिंगचं मिश्रण घातलेलं पाहिजे, आणि मीटर लावून ओहम दाखव म्हणायचं. दाखवणार नाही तो, पण तुम्ही म्हणा.

हिंडलगा_रोड

हेस्कॉमकडे किती दिवस अडकतं? पहिला म्हणाला "आमची ओळख आहे, त्याचे वेगळे."

निपाणीची_सून

ओळखीचे वेगळे द्यायची गरज नाही. २०२४ मधे केंद्राने नियम बदलला, १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती सोलरला तांत्रिक तपासणीविना अर्ज मंजूर धरायचा, आणि बसवून झाल्यावर मीटर-जोडणी पंधरा दिवसांत. आमच्याकडे त्याहून थोडं जास्त लागलं, पण १९१२ ला तक्रार नोंदवल्यावर हाललं. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. कन्नडमधे बोलता आलं तर लवकर काम होतं, सासरे बोलले, मी बाजूला उभी होते.

हिंडलगा_रोड

मंडळी, आज नवीन कोटेशन आलंय ते टाकतो. सोलर हीटर वेगळा घेतोय. पॅनल २ किलोवॉट, ऑन-ग्रिड, डीसीआर, नवीन जीएसटीने, उंच सांगाड्यासकट १ लाख ४२ हजार. ६० हजार सबसिडी आली की ८२ हजार पडतील. जुन्या इन्व्हर्टरला नवी ट्यूब्युलर आणि तीन पंखे, ते वेगळे. पॅनल, हीटर, बॅटरी, पंखे सगळं धरून हायब्रीडच्या निम्म्यात बसतंय. आईला लिथियम नाही म्हटल्यावर थोडी नाराज आहे, पण पंखा चालेल म्हटल्यावर गप्प.

एकच शंका. त्याने इन्व्हर्टर गच्चीवरच, पॅनलखाली बसवतो म्हणून लिहिलंय. वायर कमी लागते म्हणे.

उद्यमबाग_वाइंडर

नको. पॅनलखाली उष्णता साठते आणि पावसाची तिरपी झड आत शिरते. जिन्याच्या खोलीत किंवा मीटरजवळ, सावलीत, हात पोचेल अशा उंचीवर घ्या. डीसी वायर दहा-बारा मीटर जास्त जाईल, तांब्याची चार चौरस मिलिमीटरची, सोलरसाठीचीच. त्याचे पैसे मागितले तर द्या. आणि वॉरंटी कार्डावर इन्व्हर्टरचा सीरियल नंबर तुमच्यासमोर लिहून घ्या, नंतर पाठवतो म्हणेल तर शेवटचा हप्ता तोवर थांबवा.